सावडीतला बदली माणूस

त्या जुलैत शेअर बाजार कुठंच जात नव्हता. सकाळी चढायचा, दुपारी उतरायचा आणि साडेतीनला बंद होताना पुन्हा जुन्याच जागी येऊन बसायचा. अशा दिवसांत शहाणा माणूस हात आखडून बसतो, हे मला पाठ होतं. दुसऱ्यांना मी ते ऐकवायचोही. पण रिकामं बसवत नाही, ही माझी जन्माची खोड. शेअर जरा वर सरकला की ‘आता सुटला’ म्हणून मी घ्यायचो. तो सुटायचा नाही, खाली यायचा, आणि मी चिडून तोट्यात विकायचो. एका दिवसाचा तोटा फार नसायचा, म्हणून तो टोचायचाही नाही.

नेमकी तीच आमची भातलावणीची वेळ. मार्गासनीला ओढ्याकाठी आमची चार खाचरं आहेत. भावकीतली पाच घरं लावणी सावडीनं करतात. आज सगळे एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. ज्याचं खाचर, त्याच्या घरचं दुपारचं जेवण. ओढ्याकाठी मोबाईलला रेंज नाही आणि बाजार तर सव्वानऊला उघडतो.

मी तोड काढली. एक रोजंदार गाठला, त्याला मजुरी देऊन माझ्या जागी पाठवला आणि स्वतः घरी मोबाईल घेऊन बसलो. माणसाच्या बदल्यात माणूस, फिटंफाट! या अकलेचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. बायको मात्र रोज चिखलात उतरत होती.

पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, “अवो, सावडीत पैशाचा मानूस चालत न्हाई. आपल्या लावणीला कोन येनार?”

“दोन हात गेले ना? मग झालं,” मी म्हणालो.

चार घरांच्या लावण्या झाल्या, चारही दिवस मी तेच केलं. चौथ्या दिवशी थोरले चुलते दारावरून जाताना थांबले. “तब्येत बरी हाय न्हवं तुजी?” त्यांनी विचारलं. मी मान न उचलताच हो म्हणालो. शेअर वर निघाला होता. साडेतीनपर्यंत तो परत खाली आला.

पाचवा दिवस आमचा. बायकोनं पहाटे उठून दहा-बारा माणसांचा स्वयंपाक केला. भाकरी, मटकीची आमटी, वर गोड लापशी. त्या दिवशी मोबाईल घरी ठेवून मी खाचरात उतरलो. आठच्या सुमाराला चारही घरच्या बाया आल्या. त्यांच्या मागून चार पुरुष आले, चारही अनोळखी.

“मालक, आमचा रोज तिकडून मिळालाय,” त्यातला एक म्हणाला. “कुठनं सुरू करू?”

कुणी भांडलं नव्हतं, टोमणा मारला नव्हता. बायकांची सावड माझ्या बायकोनं राखली होती, तिच्या वाट्याची माणसं आली. मी जे दिलं होतं, तेच मला परत मिळालं.

दुपारी बाया गोल करून जेवायला बसल्या, हसत होत्या. रोजंदारांनी आपापले डबे आणले होते. ते आंब्याखाली गेले. एरवी पुरुषांची पंगत बसते त्या बांधावर मी एकटाच होतो. बायकोनं माझ्यापुढं ताट ठेवलं.

“जेवा. तुमच्या बदल्यातली मानसं डबं घेऊन आल्यात.”

मला लाज वाटली. इतक्या वर्षांत बाजारानं मला कधी एवढं खाली आणलं नव्हतं. ताट तसंच ठेवून मी उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या, आमटीची किटली घेतली आणि चिखलाच्या पायांनीच थोरल्या चुलत्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. पोटात होतं ते सगळं बोललो, चुकलो म्हणालो, आणि फडकं त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी फडक्याकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं.

“आमी जेवलो,” ते म्हणाले.