बोलावल्याशिवाय

आम्ही रायगडकडचे शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, इथले ज्यू. शिमग्याच्या आगेमागे आमचा राणीचा सण येतो, पण घरात त्याला ‘होळीचा सण’च म्हणत. आदल्या दिवशी आई उपास करायची आणि गोष्ट सांगायची. बोलावल्याशिवाय राजासमोर जाईल त्याला मरण, तरी आपल्या माणसांसाठी राणी गेली, आणि सगळे वाचले. शेवट ठरलेला, ‘त्या अख्ख्या पोथीत देवाचं नाव एकदाही नाही गं. पण असतो तो.’

दोन हजार चार-पाचचं साल असेल. आई भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला होती. बायका मधेच सटकतात म्हणून सेठ शटर ओढून बाहेरून कुलूप घालायचा. आत खोकी, पेंढा, आणि पलीकडे पॉलिशच्या मशीनच्या ठिणग्या! सगळ्या धास्तावलेल्या, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? त्या वर्षी उपासाच्या दिवशी आईच सेठच्या केबिनमध्ये शिरली.

‘बुलाया तेरे को?’

‘नहीं बुलाया. फिर भी आई.’

कुलूप नको, एवढंच तिनं मागितलं. सेठनं तिला उभ्या उभ्या कामावरून काढलं. घरी आल्यावर मी खेकसले, ‘कर अजून उपास! कुठाय तुझा देव?’ आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पण तिचं बघून बाकीच्यांना कंठ फुटला. कुलूप असेल तर आत जाणार नाही म्हणून सगळ्या गाळ्याबाहेर बसून राहिल्या. दोन दिवसांत कुलूप गेलं.

पुढच्याच आठवड्यात पेंढ्यानं पेट घेतला. शटर वर झालं, बायका धावत बाहेर पडल्या. संध्याकाळी आमच्याकडे येऊन आईच्या पायाच पडल्या. मी तर नाचायचीच बाकी होते. अगं बाई, पोथी खरी झाली!

आईनं विचारलं, ‘सगळ्या आल्या ना?’

एकजण हळूच म्हणाली, ‘मागच्या टेबलाची न्हाय आली.’

ते टेबल आईचं. तिच्या जागी सेठनं जवळच्या चेणे गावची एक पोरगी लावली होती.

पुढल्या वर्षी आईनं उपास धरला, पण गोष्ट काढली नाही. मी म्हटलं, ‘सांग ना, असतो तो.’

‘असतो गं. पण मला तिथून त्यानं उठवलं म्हणू, तर तिला बसवलं कुणी?’