शैलजाताईंनी राखून ठेवलेली जागा

फरीदाबादच्या एका रुग्णालयात संगणक विभागाची मुलाखत देऊन मी बाहेर पडले. आत हिंदीत प्रश्न विचारणाऱ्या बाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "लातूरची ना तू? जेवलीस का?" शैलजाताई मिरजकरांची आणि माझी ही पहिली ओळख. त्यांच्या साठीनिमित्त लिहिताना आज तोच आवाज कानात आहे.

विभागप्रमुख असूनही ताई नवख्यांवर मोकळेपणाने काम सोपवत. नव्या सर्व्हरची मांडणी त्यांनी माझ्याकडे दिली. मी डिस्कचे दोन पक्के भाग, म्हणजे पार्टिशन, पाडले: एक एक्स-रेंसाठी, एक रुग्णांच्या नोंदींसाठी. ताईंनी लॉजिकल व्हॉल्यूम सुचवले होते. म्हणजे सगळी जागा एकत्र ठेवायची आणि ज्याला लागेल तशी वाढवून द्यायची.

"कशाला गुंतागुंत, ताई? पार्टिशन साधं, बिल्कुल भरवशाचं," मी म्हणाले.

"कोण किती वाढणार, हे तुला आजच कसं कळलं?" एवढंच विचारून त्यांनी मला माझ्या मनासारखं करू दिलं.

वर्षभराने एका सकाळी एक्स-रेंचा भाग गच्च भरला. नोंदींचा भाग जवळजवळ रिकामा होता, पण ती जागा एक्स-रेंना मिळेना. कंबरेचं हाड मोडलेल्या एक आजी टेबलावर कण्हत होत्या आणि एक्स-रे साठवताच येत नव्हता. मी ताईंना हाक मारली. ताईंनी खुर्ची ओढली, जुने एक्स-रे रिकाम्या भागात हलवले आणि काम सुरू करून दिलं.

संचालकांनी विचारलं, "किसका फैसला था?"

ताई म्हणाल्या, "मेरा."

मला रडू फुटलं, तेव्हा म्हणाल्या, "मंजुरी मीच दिली होती ना? चल, रविवारी नीट करू."

त्या रविवारी बॅकअप दोनदा तपासून आम्ही लॉजिकल व्हॉल्यूम केले. सर्व्हर सुरू होण्यापुरता छोटा भाग मात्र त्यांनी पक्काच ठेवला. "तुझंही अगदीच चूक नव्हतं गं." थोडी जागा त्यांनी कुणालाच न देता राखून ठेवली.

पुढे माझ्या आईचं दिल्लीत ऑपरेशन झालं. करोल बागेतल्या आपल्या दोन खोल्यांपैकी एक ताईंनी महिनाभर तिला दिली. आईला हिंदी येत नसे. कामावरून दमून आल्यावरही ताई तिच्याशी गप्पा मारत बसत.

परवा आई फोनवर म्हणाली, "माझं आयुष्य त्यांना लागू दे." मी तिला रागावले. ताई, कुणाचं घेऊ नका. तुमचंच भरपूर असो, निरोगी असो. आणि हिवाळ्यात आई येईल, तेव्हा गच्चीवरच्या उन्हात तुम्हा दोघींची बोलणी संपता संपू नयेत.