खिरणीवरचा चिकू

आमच्या वाडीतलं ते चिकूचं झाड आईचं होतं. कागदोपत्री वाडी सगळी बाबांची, पण ते एक झाड आईचं, यावर घरात कधी वाद झाला नाही. लग्न होऊन ती तारापूरला आली तेव्हा घोलवडच्या माहेरच्या वाडीतलं एक कलम कुंडीतून तिच्याबरोबर आलं होतं. पुढे तिचे भाऊ मुंबईला गेले, ती वाडी विकली गेली, आणि नव्या मालकाने जुनी झाडं काढून टाकली. म्हणजे आईच्या माहेरचं म्हणावं असं आता हे एवढंच उरलं होतं. त्या झाडाच्या चिकूला वेगळीच गोडी आहे असं ती म्हणायची. मला विचाराल तर फारसा फरक नव्हता. पण हे मी तिला कधी सांगितलं नाही, आणि मी मनात काही ठेवणाऱ्यांतली नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बोईसरला कारखाने वाढले, रस्त्यावर ट्रक वाढले, आणि रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजणीवाले आले आणि कुंपणाच्या आत चुन्याची रेघ मारून गेले. आईचं झाड रेघेच्या पलीकडे गेलं. पाऊस संपला की झाडं तोडायला लागतील, असं त्यांनी बाबांना सांगितलं. आईने ते ऐकलं, आत गेली, आम्हाला जेवायला वाढलं आणि स्वतः न जेवता झोपली.

बाबा बोलण्यात कमी आणि करण्यात पक्के. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुठून तरी खिरणीची रोपं लावलेल्या कुंड्या आणल्या. चिकूची बी पेरून मूळ झाडासारखंच झाड येईल याची खात्री नसते, म्हणून चिकूचं कलम खिरणीवर, त्याच्याच कुळातल्या काटक झाडावर, बांधतात. आमच्याकडची पद्धत अशी: झाडाखाली बांबूचा माळा करायचा, त्यावर खिरणीच्या कुंड्या चढवायच्या, खिरणीचं खोड आणि चिकूची जिवंत फांदी दोन्ही एका बाजूने तासायची, तासलेली अंगं एकमेकांना लावायची आणि घट्ट बांधायची. चिकूची फांदी तेव्हा झाडावरच असते. जोड एकजीव झाला की खिरणीचा शेंडा छाटायचा, चिकूची फांदी झाडापासून तोडायची, आणि कलम तयार. याला दोन-तीन महिने लागतात, कधी जास्तही. आणि दसऱ्याच्या आत बांधलेल्या गाठीला हात लावायचा नाही, हा आमच्या वाडीतला कायदा होता. तो कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो मोडायची परवानगी मागायची तरी कुणाकडे?

गाठ बांधायला एरवी केळीच्या खोडाचं सुकं सोपट वापरत. त्या वर्षी बाबांनी नवी शक्कल लढवली. कोळीवाड्यात सुती जाळी जाऊन नायलॉनची आली होती. बाबांच्या एका मित्राने जाळी विणायच्या त्या धाग्याचं रीळ त्यांना आणून दिलं. पावसात कुजत नाही, तुटत नाही, सैल पडत नाही. बाबा खूश. हे आईचं झाड, यात हयगय नको, म्हणून त्यांनी प्रत्येक जोड त्या धाग्याने आवळून बांधला, वर शेणमाती लिंपली, आणि असा धागा आपल्या आजोबांनाही मिळाला नव्हता हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

मी तेव्हा पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय वनस्पतीशास्त्र. जगातलं जवळजवळ सगळं आपल्याला कळतं याबद्दल मला शंका नव्हती. आजही ती फारशी नाही. वाडीत मी नाकाने कांदे सोलत हिंडायची आणि बाबा ते चालवून घ्यायचे. भाद्रपदात एक दिवस पाणी घालायला माळ्यावर चढले, तर शेणमाती धुऊन गेलेल्या एका जोडावर नजर गेली. गाठीच्या वर फांदी सुजली होती. मी बाकीची कलमं पाहिली. सगळीकडे तेच.

बाबांना बोलावलं. ते बघून हसले. जोड भरला, म्हणाले. जखम भरताना मांस वर येतं तसं. मला ते पटेना. सूज जोडावर हवी होती, ती होती धाग्याच्या वर. पानं जे अन्न तयार करतात ते सालीतून खाली उतरतं. साल आवळली तर ते वरच तुंबतं आणि फांदी तिथे फुगते. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि आता डोळ्यांसमोर पाहत होते. मी म्हटलं, जोड भरलेला नाही, गळा आवळलाय. एखादी गाठ सोडून जोड कापून बघू या. ते म्हणाले, बांधलेलं सोडायचं नाय. मी म्हटलं, नाही सोडलं तर दसऱ्याला सोडायला काही उरणार नाही. मग आमची अशी जुंपली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

तिने दोघांचं ऐकून घेतलं. तिचा प्रश्न एकच होता: कापून नेमकं काय दिसणार? मला तेच हवं होतं. ओटीवर बसून मी तिला सांगितलं, की झाडाच्या आतलं लाकूड म्हणजे बहुतेक मेलेल्या पेशींच्या नळ्या, पाणी वर नेणाऱ्या. झाड जाड होतं ते साल आणि लाकूड यांच्यामधल्या एका पातळ थरामुळे. तो थर नखाहून पातळ असतो, पण त्यातल्या पेशी सतत एकीच्या दोन होत असतात. फांदी तासली की वरच्या पेशी मरतात. मग त्यांच्या मागच्या जिवंत पेशी जाग्या होतात आणि मिळेल त्या दिशेला वाढत सुटतात. त्यांचा मऊ गोळा होतो. खिरणीकडून एक गोळा येतो, चिकूकडून एक, आणि दोन्ही एकमेकांत घुसतात. मग त्या गोळ्यातल्याच काही पेशी लांब होतात, आतून पोकळ होतात आणि नळ्या बनतात. या नळ्या जुळल्या की खिरणीचं पाणी चिकूला पोचतं. त्याआधी फांदी झाडापासून तोडली की ती मेली.

आईने विचारलं, हे डोळ्यांनी दिसतं का? मी म्हटलं, कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकातून दिसतं. ती उठली, कोयता घेतला आणि माळ्यावर चढली. तोडलेल्या फांदीतून पांढरा चीक ठिबकत होता. आख्खं कलम तिने पदरात घेतलं.

"माजं झाड हाय," ती बाबांना म्हणाली. "एक मी घेतलं. बाकीच्यांना तुमची रीत."

बाबा खाली उभे होते. त्यांनी कुंड्यांकडे पाहिलं आणि तोंड फिरवून विहिरीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर कॉलेजला निघाली. मी म्हटलं होतं की मीच बघून येते, पण ती म्हणाली, कोयता मी चालवला, बघायला पण मीच येनार. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं कलम मांडीवर घेऊन ती एस.टी.त बसली. प्रयोगशाळेत मला वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या बाई होत्या. कडक बाई, पण आईला बघून त्यांनी स्वतः स्टूल पुढे केलं. खिरणीचं लाकूड म्हणजे दगड. पाती बोथट होत गेली, माझ्या बोटाला लागलं, आणि शेवटी बाईंनीच माझ्या हातातून पातं घेऊन कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ चकती काढली. लाल रंगात बुडवून ती काचेवर ठेवली आणि मला आधी बघायला लावलं.

माझं म्हणणं खरं होतं. बाबांचंही थोडं खरं होतं, हे सांगायला मला आजही जड जातं. दोन्ही लाकडं लाल रंगली होती आणि त्यांच्यामध्ये पातळ भिंतींच्या फिक्या पेशींची गर्दी होती. जोड लागायला सुरुवात झाली होती. मधूनमधून एखादी नळी रंग धरू लागली होती, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही पोचली नव्हती. आणि बाहेरच्या बाजूला धागा सालीत इतका रुतला होता की त्याच्याखालची साल करडी पडली होती. तसंच राहिलं असतं तर खालच्या पेशींना अन्न मिळालं नसतं आणि जोड अर्ध्यावर मेला असता.

आई एक डोळा मिटायला गेली की तिचे दोन्ही मिटत. मग बाईंनी तिला एक डोळा हाताने झाकायला लावला. त्यानंतर ती बराच वेळ हललीच नाही. लाल काय, फिकं काय, धाग्याची खूण कुठली, मी सगळं सांगत होते. ती मध्येच मला थांबवून बाईंना म्हणाली, "मधल्या ह्या ज्या हायत, त्यातल्या आमच्या चिकूच्या कोनत्या आनि खिरनीच्या कोनत्या?"

मला सांगता येईना. बाई म्हणाल्या की नुसतं बघून त्यांनाही सांगता येणार नाही. पण त्या मिसळत नाहीत. चिकूच्या पेशीपासून होते ती चिकूचीच आणि खिरणीची ती खिरणीचीच, झाड शंभर वर्षांचं झालं तरी. एकमेकींना नुसतं पाणी आणि अन्न देतात. आईने मान हलवली आणि पुन्हा डोळा लावला. मला अभ्यासात हे कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. मला तेव्हा तिचा राग आला होता, कारण हुशार मी होते.

घरी आल्यावर बाबांना सांगायचं कसं, याची मी एस.टी.त जय्यत तयारी केली होती. तिची गरज पडली नाही. आईने कापलेल्या कलमाचा उरलेला तुकडा त्यांच्या हातात ठेवला आणि धागा ओढायला सांगितला. धागा निघाला, पण सालीत रुतलेला निघाला, आणि मागे काळी चर उरली. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. हातच्या काकणाला आरसा कशाला? केळीचं सोपट भिजत घाला, एवढंच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी दसऱ्याला अवकाश असताना आमच्या वाडीत गाठी सुटल्या. नायलॉन कापताना बाबांचा हात इतका हलका होता की मला ते कुणी परकेच वाटले. आई सोपट पुरवत होती, बाबा सैलसर बांधत होते आणि मी शेणमाती लिंपत होते. त्यांना चुकलो म्हणायला लावावं अशी मला फार इच्छा होती. पण आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी लिंपत राहिले.

आता अडचण दिवसांची होती. मधल्या पेशींना नळ्या जुळवायला आणखी महिना-दीड महिना हवा होता, आणि रस्तेवाले तर पाऊस ओसरताच येणार होते. पेशींना घाई करता येत नाही. पाणी, ऊब, सावली द्या, बाकी त्या त्यांच्या चालीने वाढतात. बाबा आयुष्यात कुणाकडे काही मागायला गेलेले मला आठवत नाहीत. ते बोईसरला जाऊन रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाला भेटले. मुकादम परप्रांतातला, बाबांचं हिंदी दिव्य. काय बोलणं झालं त्याबद्दल त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. इतकं कळलं, की काम दुसऱ्या टोकाकडून सुरू होणार आणि आमच्या कुंपणाला हात सगळ्यात शेवटी लागणार. त्यानंतर दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं, थंडी पडू लागली. बाबा रोज सकाळी कुंपणाशी उभे राहून काम कुठवर आलं ते बघायचे आणि मग माळ्यावर चढून प्रत्येक जोडाला बोट लावून सोपट रुतत नाही ना ते बघायचे. मी त्यांना फांदी आधी जोडाच्या खाली अर्ध्या जाडीपर्यंतच कापायला सांगितली होती, म्हणजे कलमाला हळूहळू खिरणीच्या पाण्याची सवय होते. त्यांनी तसंच केलं. एकही पान सुकलं नाही.

मग एका सकाळी ट्रक दिसू लागले आणि बाबा म्हणाले, आज. खिरणीचे शेंडे त्यांनी छाटले. उरलेली अर्धी फांदी झाडापासून तोडायची राहिली. त्यांनी सुरी आईपुढे धरली. झाड तिचं होतं.

आईने सुरी घेतली, पहिल्या कलमाची फांदी डाव्या हातात धरली आणि तशीच थांबली. मला वाटलं ती रडणार. ती बाबांकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ह्या कलमांसाठी चार महिने थांबलात. मला न्यायला आलात तवा चार दिस थांबला नव्हता. चौदा वर्साची होते मी."

आईने फांदी कापली. चीक आला, तिने तो अंगठ्याने पुसला आणि कुंडी बाबांकडे दिली. बाबांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि विचारलं, "कुठं... कुठं लावू?"

त्या वाडीत काय कुठे लावायचं हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"इचार करून सांगते," आई म्हणाली, आणि तिने दुसरी फांदी हातात घेतली.