मागच्या जिन्याचं ऑफिस

डॉक्टर प्रभाकर रोज सकाळी ऑफिसला जायचे. बूट घालायचे, केस विंचरायचे, आईने भरलेला डबा हातात घ्यायचे, "येतो वं, माय," म्हणायचे आणि पुढचा जिना उतरून फाटकाबाहेर पडायचे. मग घराला वळसा घालून मागच्या गल्लीतून परत आत शिरायचे, मागचा जिना चढायचे आणि आपल्याच घराच्या मागच्या खोलीत जाऊन बसायचे. तेच त्यांचं ऑफिस. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार होतं, पण ते त्यांनी पुस्तकांचं कपाट लावून कायमचं बंद केलं होतं.

ते रेडिओलॉजिस्ट होते. उमरेड, मौदा अशा ठिकाणच्या लहान दवाखान्यांत सीटी स्कॅनचं यंत्र असतं, पण त्यातली चित्रं वाचणारा डॉक्टर दरवेळी असतोच असं नाही. ती चित्रं आमच्या कंपनीकडे येतात. आमचे डॉक्टर आपापल्या घरी बसून ती पाहतात आणि रिपोर्ट पाठवतात. कोणता स्कॅन कोणाकडे द्यायचा हे बघणं माझं काम. मीही घरूनच काम करते, मानेवाड्याच्या माझ्या जेवणाच्या टेबलावरून. कोण रजेवर, कोणाकडे वीज गेली, कोणाच्या मुलांची परीक्षा, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. प्रत्येक डॉक्टरचा दुसरा फोन नंबरही मी मागून घेते. प्रभाकर सरांनी आईचा मोबाइल नंबर दिला आणि वर म्हणाले, "लिहून ठेवा ताई, पण त्याचा उपयोग नाही. तो घरचा नंबर आहे. मी तर हापिसात असतो."

वडील गेल्यावर आई दिवसभर एकटी पडायला नको, म्हणून त्यांनी मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडली होती. घरून पगार तिथल्यापेक्षा चांगला मिळत होता, पण गल्लीला तो दिसत नव्हता. गल्लीला दिसायचा तो भर दुपारी बनियनवर गच्चीत उभा असलेला डॉक्टर. समोरच्या बाईंनी काकूंना, म्हणजे सरांच्या आईला, विचारलंच, "काय वं, डॉक्टरची नोकरी सुटली काय? दिवसभर घरीच दिसून राहिला." मग कोणी गुडघ्याचा एक्स-रे घेऊन यायचं, कोणी गॅसचं सिलिंडर उतरवून घ्यायला हाक मारायचं. काकूंच्या स्वतःच्याही हाका असायच्याच.

एकदा ते एका लहान मुलीच्या डोक्याचा स्कॅन पाहत होते. काकू लोणच्याची बरणी घेऊन आल्या. झाकण निघत नव्हतं. सरांनी ते काढून दिलं, परत स्क्रीनकडे वळले आणि 'नॉर्मल' असं लिहून टाकलं. पाठवण्याआधी त्यांनी एकदा पुन्हा पाहिलं, तेव्हा कवटीवर केसाएवढी चीर दिसली. मुलगी बरी झाली. पण दुसऱ्या दिवशी सरांनी माणसं बोलावून कपाट दारासमोर सरकवून घेतलं आणि तेव्हापासून ते ऑफिसला जाऊ लागले.

काकूंना हे मनापासून आवडलं. समोरच्या बाईंना द्यायला आता उत्तर होतं. "घरी कुठं असते तो? सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी येते," असं त्या ठासून सांगायच्या. दुपारी कोणी सरांना विचारत आलं तर, "हापिसात गेला, संध्याकाळी ये," म्हणून त्याला जिन्यावरूनच परत पाठवायच्या. सरांची बायको सुषमा शाळेत शिकवते. ती मला म्हणाली होती, "आमच्याकडे दोघांनाही नाटकाची हौस आहे, अलकाताई. प्रेक्षक मी एकटीच."

फोनवर सरांशी बोलताना भिंतीपलीकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. ते गंभीरपणे म्हणायचे, "शेजारचे लय आवाज करतेत बा." उशीर झाला तर कारण तयार असायचं: "जिन्यात कुत्रं झोपून राहिलं होतं, ट्रॅफिक जाम." पण कामात थट्टा नाही. शंका आली की त्यांचं एकच वाक्य असायचं, "दिसून तर राहिलं ताई, पण मले पटून नाही राहिलं." मग ते दवाखान्याकडून जुनी चित्रं मागवायला लावायचे आणि ती येईपर्यंत रिपोर्टवर सही करायचे नाहीत. दवाखाने कुरकुरायचे. मला त्यांची ही सवय सोयीची नव्हती, पण ती मोडावी असं कधी वाटलं नाही.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती दिवाळीनंतर. काकूंनी चिवडा दिला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "इकडून पलीकडे त्याचं हापिस. हापिस झाल्यापासून मी नाही पाहिलं अजून."

"काहून नाही पाहिलं?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा तशी होते.

"हापिसात काय कोणी माय घेऊन जाते? म्हणे, एखाद्या दिवशी नेतो तुले. पाहू."

सर बाजूलाच बसले होते. "आधी वरून मंजुरी यायला पाहिजे," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

पुढच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, उमरेडच्या एका दवाखान्यातून अपघाताचा स्कॅन आला. मी तो सरांकडे दिला. त्यांनी तो उघडला, हे मला माझ्या स्क्रीनवर दिसलं. रिपोर्ट मात्र आला नाही. मी निरोप टाकला, मग फोन केला. फोन वाजत राहिला. उमरेडचा स्कॅन मी दुसऱ्या डॉक्टरकडे वळवला आणि यादीतला दुसरा नंबर लावला.

काकूंनी फोन घेतला. मागे कूलर घरघरत होता. "थांब वं, ऐकू नाही येऊन राहिलं," त्या म्हणाल्या. खटका वाजला आणि घर एकदम शांत झालं.

"काकू, अलका बोलतेय. सर फोन उचलत नाहीत."

"तो हापिसात गेला. संध्याकाळी येईल."

"मला माहीत आहे, काकू. पण तिकडे उत्तर देत नाहीत. तुम्ही जरा जाऊन बघता का?"

"मी? हापिसात?" मग त्यांचा आवाज बदलला. "त्यानं बोलावलं काय मले?"

"मीच सांगतेय. जा तुम्ही."

"बरं, जातो," त्या म्हणाल्या आणि फोन बंद न करताच त्यांनी तो कुठेतरी ठेवून दिला. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. "अशी कशी जाऊ, घरच्या साडीवर," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी फोनमध्ये मोठ्याने हाका मारल्या: काकू, साडी राहू द्या, आधी जा. पण फोन त्यांच्यापासून लांब होता. कापडाची सळसळ झाली. कपाट एकदा बंद होऊन परत उघडलं. त्या काहीतरी गुणगुणत होत्या. मग चपला, मग पुढच्या जिन्याचं दार. त्यानंतर फोनमधून काहीच आवाज आला नाही. मी दुसऱ्या फोनवरून सुषमाच्या शाळेत कळवलं आणि पहिला फोन कानाला लावून बसून राहिले. रिकाम्या घराचाही आवाज असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सर खुर्चीतच होते. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दिवस उजाडायच्या आत ते गेले. त्यांचा स्कॅन आमच्यातल्याच एका डॉक्टरने पाहिला. मी त्याला विचारलं, लवकर कळलं असतं तर? तो म्हणाला, "ताई, काही उपयोग नव्हता. म्हणजे, जवळजवळ नव्हताच." हा 'जवळजवळ' मी कोणालाच सांगितला नाही.

आता जुन्या रुग्णांचे नवे स्कॅन येतात तेव्हा तुलनेसाठी जुना रिपोर्ट शेजारी उघडतो आणि खाली त्यांचं नाव असतं. नवे डॉक्टर विचारतात, हे डॉक्टर प्रभाकर कोण, यांच्याशी जरा बोलता येईल का? एकाला मी पटकन, "ते आत्ता घरी नाहीत," असं सांगून बसले. कोणाच्याही फोनमागे कुकरची शिट्टी झाली की मी बोलायची थांबते. समोरच्याला वाटतं, लाइन कटली.

पावसाळा संपत आला तेव्हा काकूंना भेटायला गेले. सुषमा शाळेत होती. काकू मेथी निवडत होत्या. मीही एक जुडी ओढून घेतली. पानांवरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "डॉक्टर लोकं काय म्हणतेत ते मले नको सांगू. फोन चालूच होता ना वं?"

"हो."

"मी साडी बदलली."

मी मेथीची पानं खुडत राहिले.

"लय वेळ लागला काय?"

"नाही, काकू. तुम्ही लगेच निघालात."

"एक नेसली होती. मंग वाटलं, ही चांगली नाही दिसत, त्याच्याकडे कोणी आलं-गेलं असेल. ती सोडून दुसरी नेसली. ऐकलं असशील तू."

"काही नाही ऐकलं. कूलरचा केवढा आवाज होता."

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कूलर तर मी बंद केला होता, पोरी," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकू येत नव्हतं म्हणून."

त्यांनी निवडलेली मेथी एका बाजूला केली, देठ कागदात गुंडाळले आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. हात ओला, गार होता.

"सुषमानं विचारलं तर कूलरचंच सांग," त्या म्हणाल्या.

सुषमाचा फोन अधूनमधून येतो. सरांची जुनी कागदपत्रं, कुठल्या तरी अर्जावर लागणारी माहिती, असं काहीतरी काम असतं. मी तिला ती माहिती नीट, क्रमाने सांगते. काम संपल्यावर ती लगेच फोन ठेवत नाही. त्या दुपारचं काही विचारत नाही, जरा वेळ तशीच थांबते. मीही थांबते.