साडूभाऊंचे घरचे नियम

जगातला कुठलाही खेळ माझ्या साडूंच्या हाती द्या, आठवड्याभरात तो ज्याने शोधून काढला त्यालाही ओळखू येणार नाही. वारंगा फाट्यावर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करून देण्याचं त्यांचं दुकान आहे. लेक पुण्याला नोकरीला गेली तेव्हा कॉलेजात हौसेनं जमवलेली खेळाची कार्डं बुटांच्या खोक्यात भरून घरी ठेवून गेली. कार्डांवर राक्षस, जादूगार, नाना जनावरं आणि प्रत्येकाची ताकद आकड्यात छापलेली. आपल्या कार्डांनी समोरच्यावर हल्ला करायचा, त्याचे वीस जीव संपवले की डाव आपला. सोबत नियमांचं इंग्रजी पुस्तकही होतं. साडूभाऊंनी ते पहिल्याच दिवशी टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं आणि जाहीर केलं, "खेळ आपल्या घरात, मंग कायदा भी आपलाच."

रविवारी मी कळमनुरीहून त्यांच्याकडे जातो. शेजारचा चहावाला आणि बाळापूरच्या फेऱ्या मारणारा एक जीपवाला धरून आम्ही चौघे. हा खेळ खेळणारे लोक म्हणे आपापली कार्डं निवडून गठ्ठा बांधतात. साडूभाऊंना ते नामंजूर. सगळ्यांनी एकाच ढिगातून उचलायचं. हरत असलेल्याला, चहा येईपर्यंत, एक चाल परत घेता येते, आणि चहा नेमका कधी येणार हे साडूभाऊच ओरडून ठरवतात. ताकदीचे आकडे त्यांना मान्य आहेत, पण चित्र पटलं तर. एकदा चहावाल्याने आग ओकणारा, सात ताकदीचा ड्रॅगन काढला. साडूभाऊंनी तीन ताकदीच्या बैलाने तो अडवला आणि वर विचारलं, "आग ओकून राहिला म्हणून काय झालं? औताला चालते का ते?" ड्रॅगन गेला. पोळ्याच्या दिवशी तर बैलाच्या कार्डाला सक्त सुट्टी. त्याला हळदकुंकू लावून बाजूला ठेवायचं, लढायला लावायचं नाही. मागच्या पोळ्याला माझ्या हातातल्या सात कार्डांत पाच बैल आले आणि मी शाळामास्तर असूनही बसल्या जागी नापास झालो. साडूभाऊंनी समजूत घातली, "पाव्हणं, पुण्य किती लागलं ते बगा की!"

असा हा बोलका माणूस, पण सख्ख्या थोरल्या भावाशी आठ वर्षं अबोला. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरची, म्हणजे सामाईक बांधावरची बाभूळ साडूभाऊंनी न विचारता तोडली, एवढंच निमित्त. भावाची विहिरीवरची मोटार जळाली तर ती दुरुस्तीला नांदेडला जाई. ती टेम्पोतून दुकानासमोरून जाताना दिसली की साडूभाऊंना त्या दिवशी जेवण जात नसे, असं मेहुणीने मला सांगितलं. त्यांनी स्वतः कधीच सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात जीपवाला वऱ्हाड घेऊन गेला आणि त्याच जीपची वाट बघत हे थोरले बंधू दुकानाबाहेर उन्हात उभे राहिले. साडूभाऊ त्यांच्याकडे न बघता छताच्या पंख्याला म्हणाले, "चौथा गडी कमी पडून राहिला." थोरले आत येऊन बसले. मी त्यांना दोन मिनिटांत खेळ समजावला. त्या दिवशी जोड्यांचा डाव होता. जोडीदार चिठ्ठीने ठरायचा, दोघांचे जीव एकत्र मोजायचे आणि जोडीदाराचा सल्ला घेतल्याशिवाय कार्ड टाकायचं नाही. चिठ्ठीत नेमके दोघे भाऊ निघाले. नियम बदलण्यात ज्यांचा हात कोणी धरणार नाही, त्या साडूभाऊंनी हा एक नियम मात्र बदलला नाही. सल्लामसलत माझ्यामार्फत सुरू झाली. "पाव्हणं, शेजारच्याला इचारा, वाघ टाकू का?" "टाक म्हणावं." मी त्यांच्या विरुद्ध बाजूचा, म्हणजे त्यांचे सगळे डावपेच मला आधी कळत होते. तरी हरत आम्हीच होतो. शेवटी थोरल्यांनी भलतंच कार्ड उचललं आणि साडूभाऊ ओरडले, "दादा, थांब! ते न्हाई!"

थोरल्यांनी कार्ड परत हातात घेतलं आणि हळूच विचारलं, "मंग काय टाकू?"

डाव त्यांनी जिंकला. मला वाटलं, मिटलं. पण कार्डं खोक्यात गेली तसे थोरले उठले, चपला घातल्या आणि धाकट्याकडे न बघता निघून गेले. आजही रस्त्यात भेटले तर दोघे मान फिरवतात, मोटार आजही नांदेडला जाते. फक्त रविवारी दुपारी थोरले येऊन बसतात. जीपवाल्याने आपली जागा आपणहून सोडली, जोडी आता चिठ्ठीशिवायच ठरते. डाव चालू असेपर्यंत सल्ल्याच्या नावाखाली दोघे भाऊ तुरीवरच्या अळीबद्दल बोलतात, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतात. साडूभाऊंनी दिवाळीला विसाचे चाळीस जीव केले आणि संक्रांतीला एकदम शंभर.

परवा मी वैतागलो. थोरले हात धुवायला बाहेर गेले होते. "साडूभाऊ, शंभर जीव म्हणजे फार झाले. हा डाव संपायचा कधी?"

त्यांनी हातातली कार्डं सारखी केली. मग म्हणाले, "संपला की दादा उठून जाते ना, पाव्हणं."

शंभरातले त्यांचे थोडेच जीव उरले होते आणि माझ्या हातात तेव्हा डाव संपवणारं कार्ड होतं. थोरले परत येऊन बसायच्या आत मी ते ढिगाच्या तळाशी सरकवलं.