भीमेकाठचा मिस्त्री

सत्तरच्या दशकात, नळालाही पाणी टिकत नसे अशा सोलापुरात, भवानी पेठेतला एक मिस्त्री स्वतःला नावेच्या इंजिनांचा डॉक्टर म्हणवत असे. मी त्याला एकदाच पाहिलं, भीमेच्या घाटावर. मामेभावाचं वऱ्हाड पैलतीरी निघालेलं, मुहूर्त डोक्यावर आलेला आणि नावेचं इंजिन बंद.

मिस्त्रीने इंजिनाला कान लावला, वैद्यासारखे डोळे मिटले आणि पान्याने दोन ठोके घातले. इंजिन धडधडत सुरू झालं.

“बसा बिनघोर! समुद्रात घाला, बंद पडायचं न्हाय!”

नावाडी म्हणाला, “मिस्त्री, आमच्या घाटाची रीत हाय. दुरुस्त करंल त्यानं पहिल्या खेपंला बसायचं.”

“मला पोहता येत न्हाय की!”

“मग तर बसाच!”

वऱ्हाड खदखदून हसलं. मिस्त्रीने इंजिन बंद केलं, पेटी उघडली आणि एकेक नट आवळायला बसला. इतकं मन लावून केलेली दुरुस्ती मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. मुहूर्त टळायला आला, तसा नवरदेव बाशिंग सावरत ओरडला, “अवो, मग मगाशी काय केलं?”

मिस्त्रीने मानही वर केली नाही.

“मगाशी तुमी बसणार होता.”