थेंबेकाकांचे हात

आमच्याकडे क्ष-किरण मोजणाऱ्या पट्ट्या बनतात. किरणाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, येऊन आदळला की पट्टीवरचा तेवढा चौकोन एक आकडा पुढे सरकतो आणि त्या आकड्यांतून हाडाचं चित्र उभं राहतं. पट्टी दोन थरांची. वरचा थर कण पकडतो, खालची चिप मोजते, आणि दोहोंमध्ये दर चौकोनाला धातूचा एक थेंब. असे पासष्ट हजार थेंब. एखादा नीट बसला नाही तर तो चौकोन जन्मभर मुका.

हे दोन थर एकमेकांवर बसवायचे ते थेंबेकाका. खरं आडनाव वेगळंच, पण हजेरीपट सोडला तर ते कुठे उरलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले की आजूबाजूला भूकंप झाला तरी मान वर व्हायची नाही. काका चहात साखरही मोजून घालत असतील, अशी आम्ही थट्टा करायचो. ‘मोजून नाही, चवीनं,’ एवढंच ते म्हणायचे. बावीस वर्षांत त्यांच्या हातची पट्टी परत आली नव्हती. हे मी सांगते, कारण तयार पट्टी तपासायचं काम माझं.

तपासणी थंड पेटीत होते. नियम साधा आहे: आधी वीज बंद करायची, मग पट्टी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, आणि मगच झाकण उघडायचं. नाहीतर फ्रिजमधल्या बाटलीसारखं तिच्यावर दव धरतं, आणि वीज चालू असेल तर चिप जळते. त्या दिवशी मला घरी जायची घाई होती. घरी काही अडलं नव्हतं, नुसताच कंटाळा आला होता. वीज चालू असतानाच मी झाकण उघडलं. टिक असा बारीक आवाज झाला. पुन्हा मोजणी घेतली तर एका कोपऱ्यात सगळी शून्यं.

मी अहवालात लिहिलं, ‘कोपऱ्यातले जोड सुटले.’ तीन शब्द. जोड म्हणजे थेंब आणि थेंब म्हणजे काका, हे मला पेन उचलतानाच ठाऊक होतं.

साहेबांनी काकांना बोलावलं. ते वाद घालतील, पट्टी पुन्हा तपासा म्हणतील, मग बघू, असं मी मनाशी धरून बसले होते. त्यांनी अहवाल वाचला, स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, “हात असेल माझा. वय झालं.” दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी स्वतःहून पॅकिंगमध्ये बदली मागून घेतली. खोक्यांना चिकटपट्टी लावताना ते मला दिसायचे, आणि मी लांबच्या जिन्याने जायला लागले. सांगू, उद्या सांगू, म्हणत मूग गिळून बसले. माझ्या अहवालावर कुणी शंका घेतली नाही याचं मला चक्क बरं वाटायचं. आता ते आठवलं की स्वतःची किळस येते.

निवृत्तीच्या कागदांवर त्यांची सही राहिली होती. ऑफिसने नेमकं मलाच त्यांच्या घरी पाठवलं. सुनेने चहा आणला. काकांचा कप अर्धाच भरलेला होता. नात रांगत त्यांच्या पायाशी आली, गुडघा धरून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले. काकांनी आपले हात मांडीखाली सरकवले.

“बाबा हिला उचलतच नाहीत,” सून हसत म्हणाली. “हात थरथरतो, पडेल म्हणतात. डॉक्टर म्हणाले काही नाही, तरी ऐकत नाहीत.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी कुणाच्या सोयीने दुभंगत नाही. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं: झाकण, दव, तो आवाज, ते तीन शब्द. सांगताना मान वर झाली नाही.

“हात तुमचा नव्हता, काका. माझा होता.”

ते रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. शिव्या मिळाल्या असत्या तर मोकळी झाले असते. सून हसायची थांबली होती. काकांनी हात मांडीखालून काढले आणि समोर धरून बराच वेळ पाहिले. ते स्थिर होते.

“कधी झालं म्हणालीस हे?”

“अकरा महिने झाले.”

“ही दहा महिन्यांची आहे,” ते म्हणाले.

मग ते उठले आणि नातीसमोर वाकले. तिच्या काखेत हात घातले, जरासं उचललं आणि तिचे पाय जमिनीवरून सुटताच पुन्हा खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता त्यांनी सुनेला सांगितलं, “तू जरा जवळ उभी राहा गं. मला अजून भीती वाटते.”